कोरड्या नाकाचं मूल

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं एक कारण सांगायला थोडी लाज वाटते. ज्या वस्तूसाठी आम्ही कपाटं उपसली, फडताळं रिकामी केली, ती वस्तू त्या दिवशी माझ्याच पँटच्या खिशात होती.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. त्याआधी ठाणे शहरात नेमणूक असताना टेंभी नाक्याच्या नवरात्राचा बंदोबस्त करून करून माझं नाक कायमचं चोंदलं होतं. धूळ, धूप, फटाके, नऊ दिवस उभं राहणं. एका सहकाऱ्याने नाकात घालायच्या थेंबांची छोटी प्लॅस्टिकची बाटली दिली. दोन थेंब टाकले आणि मिनिटाभरात नाक असं मोकळं झालं की मला देव भेटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ती बाटली माझ्या खिशात असायची. संपली की केमिस्ट न विचारता दुसरी पुढे करायचा. आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो, त्या मला चिडवायच्या. मी राउंडला निघालो की म्हणायच्या, "साहेब, टोपी, काठी आणि बाटली, तिन्ही घेतलं ना?"

डिसेंबरमधल्या एका गुरुवारी ठाणे अंमलदाराकडे निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. अमुक चाळीतल्या पाळणाघरात पोरांना झोपेचं औषध देतात, एक पोरगा चार-चार तास उठत नाही, एवढं बोलून तिने फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद झाली. मी बीटवरच्या हवालदाराला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, पोरं खेळतायत, बाई भात कालवतेय. काही नाही तिथं." अशा फोनांपैकी निम्मे शेजारपाजारच्या भांडणातून येतात हे आम्हाला अनुभवाने ठाऊक असतं. मी विषय सोडून दिला.

पुढच्या मंगळवारी दुपारी रुग्णालयातून एमएलसीची खबर आली, म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं अशी केस. सव्वा वर्षाचा मुलगा, बेशुद्ध, विषबाधेचा संशय. पाळणाघर तेच. पाच दिवसांपूर्वी मी खुर्चीतून उठलो असतो तर, हा विचार डोक्यात शिरला आणि त्या विचाराने मला चांगलंच कडक केलं. स्वतःची चूक झालीय असं वाटलं की पोलीस दुसऱ्यावर जास्त जोरात ओरडतो. हे मी चाळीसजणांत पाहिलंय, त्यात मीही आलो.

रुग्णालय डोंबिवलीतच होतं. पोरगा एवढासा, अंगावर वायरी, हाताला सुई. मॉनिटरवरचा आकडा दाखवून तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "या वयाच्या मुलाचं हृदय केवढं धावायला हवं, आणि हे बघा." मला आकड्यातलं कळत नव्हतं, पण दोन ठोक्यांमधला वेळ कळत होता. प्रत्येक ठोक्यानंतर वाटायचं, आता पुढचा येतो की नाही. अंग गार होतं. तिने पापणी उचलून टॉर्च मारला, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"अफूचा काही प्रकार पोटात गेला तर असं दिसतं," ती म्हणाली. "पण मी अजून काहीच म्हणत नाही. लघवीची तपासणी चालू आहे."

बाहेर व्हरांड्यात पोराची आजी होती. साताऱ्याकडची, माण भागातली. गुडघ्यांच्या उपचारासाठी महिन्याभरापूर्वी मुलाकडे आलेली. सून वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत कामाला, मुलगाही नोकरीला. आजीला पोराला आंघोळ घालणं जमायचं, त्याच्यामागे पळणं जमायचं नाही, म्हणून पोरगा आधीसारखाच पाळणाघरात जात होता. डॉक्टरांचा 'अफू' शब्द तिच्या कानावर पडलेला होता. ती भिंतीला टेकून मोठ्याने म्हणत होती, "त्या बाईनं माझ्या नातवाला अफू चारली. गप पडून ऱ्हावा म्हणून चारली. तिला फासावर द्या, साहेब." पोराची आई शेजारच्या बाकावर बसली होती, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं.

वडिलांनी फिर्याद दिली. त्या वेळच्या दंड संहितेचं कलम ३२८, विष किंवा गुंगीचा पदार्थ देऊन इजा करणे. वरिष्ठ निरीक्षकांचा फोन आला. पाळणाघरासमोर जमाव जमतोय, कुणी स्थानिक पुढारी घोषणा द्यायच्या तयारीत आहे, संध्याकाळच्या आत अटक दाखवा. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे माझ्या हातात तीन तास होते.

पाळणाघर म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली चटया, एका दोरीवर ओळीने लंगोट. बाईंचं वय पन्नाशीच्या आत-बाहेर. चौदा वर्षं त्या पोरं सांभाळत होत्या. पोरं त्यांना मावशी म्हणायची आणि मोठी होऊन कॉलेजात गेलेलीही मावशीच म्हणायची. आता सगळे पालक येऊन आपापली पोरं घेऊन गेले होते. जाताना एकानेही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं.

झडतीत फडताळात सर्दीच्या सिरपची एक बाटली सापडली. वर चिकटपट्टीवर दुसऱ्याच एका मुलीचं नाव. बाई म्हणाल्या, तिच्या आईने दिलंय, दुपारी एक चमचा द्यायला. अशा सिरपने पोरं पेंगतात हे मला घरच्या अनुभवाने माहीत होतं. मनात म्हटलं, सापडलं. पंचनामा करून बाटली सील केली आणि डॉक्टरला फोन लावला. तिने नाव ऐकलं आणि म्हणाली, "गुंगी येते त्याने, खरंय, आणि लोक ते फार सहज देतात. पण ते जास्त झालं तर छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात. इथे सगळं उलटं आहे. आणि हो, अफूची तपासणी आलीय. काही सापडलं नाही."

मग उरलं काय? घड्याळात साडेतीन वाजले होते आणि बाहेर माणसं वाढत होती.

बाईंचा जबाब त्यांच्या घरीच घ्यायचा होता, ताई सोबत होत्या. मी चटईवरच मांडी घातली. तिथे खुर्ची नव्हती.

"सकाळी काय दिलंत त्याला?"

"काही नाही, साहेब. नऊ-वीसला त्याची आई सोडून गेली. आला तोच पेंगुळलेला. दहाच्या आत झोपला. साडेअकराला भात भरवायला उठवायला गेले तर मान टाकली त्याने. गार लागला. मी रिक्षात घालून नेलं."

"खरं बोला, बाई. बाहेर लोक उभे आहेत. मला सांगितलंत तर मी काहीतरी करू शकतो."

"खरंच बोलतेय." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला दुसरं पायजे असेल तर तुम्हीच लिहा, मी खाली सही करते. माझं काय व्हायचं ते होईल. पण मी खोटं कबूल केलं तर डॉक्टर त्याच खोट्यावर औषध देतील ना? मग पोराचं काय?"

पस्तीस वर्षांत मी बऱ्याच लोकांना चौकशीत रडताना, शपथा घेताना, पाया पडताना बघितलंय. स्वतःच्या अटकेपेक्षा पोराच्या औषधाची काळजी करणारा आरोपी मला दुसरा भेटलेला नाही. खोलीत सकाळच्या धुरीचा वास होता, माझं नाक पार बंद झालं होतं, शब्द नाकात अडकून बाहेर पडत होते. सवयीप्रमाणे मी खिडकीकडे तोंड केलं, मान मागे टाकली, बाटली काढली, दोन इकडे, दोन तिकडे. बाटली परत खिशात.

"हं. बोला, पुढे काय झालं?" मी विचारलं.

पुढचं सांगायचं सोडून बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. आत्ता तुमचा आवाज बदलला."

"मग?"

"आत्तापर्यंत तुमचं नाक चोंदलेलं होतं. ते घातलंत आणि मोकळं झालं." त्या उठल्या, फडताळातून एक वही आणली. रोज संध्याकाळी आयांना सांगायला म्हणून त्या प्रत्येक पोराची एक ओळ लिहून ठेवायच्या. "साहेब, या दिवसांत माझ्याकडे नऊ पोरं आणि नऊच्या नऊ वाहती नाकं. पुसून पुसून माझा पदर ओला असतो. ह्याचंही वाहायचं. पण मधेच एखादे दिवशी हा यायचा तो एकदम कोरडा. जसं काही सर्दी झालीच नव्हती. मला नवल वाटायचं, एका दिवसात कसा बरा झाला. आणि त्याच दिवशी हा झोपायचा."

मी वही हातात घेतली. चौदा दिवसांपूर्वीची ओळ: जेवला नाही, नाक बरं, तीन तास झोपला. आठ दिवसांपूर्वीची: नाक बरं, चार तास झोपला. मधल्या दिवसांत नाक वाहतंय, खेळला, पडला, हसला. आणि त्या सकाळची अर्धवट ओळ, फक्त दोन शब्द. नाक बरं.

शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने, लोक दाराबाहेर उभे असताना, माझ्या आवाजातला फरक ऐकून दोन आठवड्यांपूर्वीच्या ओळीशी जुळवला होता. आम्ही याला तपास म्हणतो आणि त्यासाठी प्रशिक्षण घेतो.

मी खिशातली बाटली काढून डॉक्टरला फोनवर तिच्यावरचं नाव वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग ती म्हणाली, "पोराच्या घरात अशी बाटली आहे का ते बघा. असली तर घेऊन या. मोठ्यांसाठीची की लहानांसाठीची, तेही बघा."

पोराचं घर तिथून पाच मिनिटांवर. आजी कपडे न्यायला घरी आलेली होती. तिला मी एवढंच विचारलं, "आजी, नातवाच्या नाकात काही घालता का?"

"घालते की. आमच्याकडं लेकराला न्हाऊ घातलं की नाकात त्येल घालत्यात. माझ्या चार लेकरांला घातलंय. पर हितल्या डॉक्टरनं सांगितलं, नाकात त्येल घालू नका, छातीत जातंय. सून बी म्हणाली, आत्या, त्येल नको." ती आत जाऊन बाटली घेऊन आली. "मग म्हणलं, डॉक्टर म्हणतोय तर त्येल बंद. त्येलाच्या जागी औषध घालावं. माझं नाक मोकळं करतंय त्येच. रोज न्हाई हं, नाक लईच गळत असलं तरच."

तिच्या हातातली बाटली हुबेहूब माझ्या खिशातल्यासारखी होती. मोठ्या माणसांची.

डॉक्टरची सूचना पाळायची म्हणून तेल सोडलं आणि औषध धरलं. यात कुणाला दोष द्यायचा ते सांगा. मला आजही देता येत नाही.

"कसं घालता, ते दाखवाल का?" मी विचारलं.

ती न्हाणीघरात पाटावर बसली, दुखऱ्या गुडघ्यांचे पाय सरळ केले, बाळाला न्हाऊ घालताना करतात तसे. ताईंनी टॉवेलची गुंडाळी करून तिच्या पायांवर आडवी ठेवली. मी माझी बाटली रिकामी करून, धुऊन, साधं पाणी भरून तिला दिली. तिने टॉवेलवर वाकून बाटली उलटी धरली आणि तेलाच्या हिशोबाने दाबली. थेंब पडले नाहीत. धार लागली. एकदा इकडे, एकदा तिकडे. खाली ताईंनी स्टीलचा चमचा धरला होता. तो जवळजवळ भरला.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आजी मात्र त्या चमच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"मंजी..." ती म्हणाली.

रुग्णालयात ती बाटली पुढे ठेवली तेव्हा डॉक्टरने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मग मला समजावून सांगितलं. हे औषध नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणून नाक मोकळं होतं. मोठ्या माणसाला दोन थेंबांत फारसं काही होत नाही. पण लहान मुलाच्या नाकात धार सोडली की उरलेलं घशातून पोटात उतरतं, अंगात भिनतं, मेंदूला गुंगी आणतं आणि हृदयाला मंद करतं. बाहुल्याही बारीक होतात, म्हणून अफूसारखं दिसतं. "तुम्ही सांगितलेल्या चमच्याच्या हिशोबाने, याच्या निम्म्यानेही एवढं मूल गुंगलं असतं," ती म्हणाली. "आज थंडी जास्त, नाक जास्त वाहत होतं, तिने जास्त दाबलं असेल."

"आता?"

"यावर उतारा असा नाही. श्वास आणि ठोके सांभाळायचे आणि औषध उतरायची वाट बघायची. नेमकं काय आहे ते कळलं, त्यामुळे आता नको ते उपाय करणार नाही. आणि त्या बाईने अर्धा तास उशीर केला असता तर आपण आत्ता वेगळंच बोलत असतो."

साडेपाचला वरिष्ठांचा फोन आला. मी म्हणालो, "अटक नाही, सर. गुन्हाच घडलेला नाही." ते वैतागले, मग पूर्ण ऐकल्यावर म्हणाले, "माझ्याही घरी आहे रे ती बाटली. फ्रिजवर." जमावाला मीच सामोरा गेलो. लोक पांगले, पण कुजबुजत पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा जागा झाला आणि भोकाड पसरलं. ती डॉक्टर म्हणाली, वॉर्डात एवढा गोड आवाज तिने महिन्याभरात ऐकला नव्हता. मॉनिटरवरचे ठोके आता धावत होते. मी तिथे उभा राहून ते बघतच राहिलो. काल एवढ्याशा बाटलीने थांबवत आणलेलं ते हृदय आपलं आपण परत पळायला लागलं होतं. इतकं नाजूक आणि इतकं चिवट, दोन्ही एकाच छातीत. नास्तिक माणूस मी, पण हात आपोआप जोडले गेले.

निघताना तिने मला थांबवलं. "तुम्ही किती दिवस घालताय ते थेंब?" मी म्हटलं, दोन वर्षं. तिने कपाळाला हात लावला आणि सांगितलं. चार-पाच दिवसांपलीकडे घातले तर औषधच नाक चोंदवायला लागतं, म्हणजे मी ज्या आजाराचं औषध घेत होतो तो आजार आता औषधाचाच होता. वर माझा रक्तदाब वाढलेला, आणि हे थेंब तोही चढवू शकतात. सकाळीच आणलेली नवी बाटली मी तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढचे तीन आठवडे मी तोंड उघडं ठेवून झोपलो आणि घरच्यांनी माझं घोरणं सहन केलं. मग नाक उघडलं. ताई म्हणाल्या, "साहेब, आता टोपी आणि काठी दोनच."

फिर्याद 'सी समरी'ने निकाली निघाली. न खरी, न खोटी, गैरसमजातून दाखल झालेली. पण समरी न्यायालयात जाते, चाळीत जात नाही. पोलीस दारात आले की साऱ्या गावाला कळतं, निर्दोष ठरल्याचं कळवायला आमच्याकडे कुठला अर्ज नाही, कुठला शिपाई नाही. मी ताईंना घेऊन चार घरी जाऊन सांगून आलो. लोकांनी चहा दिला, मान डोलावली. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा नऊ पोरांपैकी दोनच आलेली होती. बाई म्हणाल्या, "असू द्या, साहेब. लोकांचं पोर असतं, भीती वाटणारच." पण वही बंद करून फडताळात ठेवलेली मी पाहिली.

या प्रकरणाने माझी एक सवय बदलली. तोवर कुणाला काही झालं की माझा पहिला प्रश्न असायचा, कुणी केलं? त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत पहिला प्रश्न असायचा, सकाळपासून काय काय घेतलं? नाकात, कानात, घशात, कुणी सुचवलेलं, कुठून आणलेलं, सगळं सांगा. लोक गोळ्या सांगतात, थेंब सांगत नाहीत. थेंबाला कुणी औषध समजतच नाही.

जानेवारीत एकदा सकाळी नऊच्या सुमारास मी त्या चाळीसमोरून जात होतो. पाळणाघराच्या पायरीवर ती आजी बसलेली दिसली, मांडीवर नातू, पाय पुढे सोडलेले, गुडघ्यांना शाल गुंडाळलेली. सोबतच्या ताई म्हणाल्या, ती आठवडाभर रोज येतेय. पोरगा पाळणाघरात परत आणला होताच, पण त्याला सोडून ती जात नव्हती. चाळीतून कामाला निघालेल्या प्रत्येक आईबापाला हाक मारून थांबवत होती आणि एकच सांगत होती. "अगं ये, ऐक. अफू न्हवती. म्या घातलं हुतं, माझ्या हातानं. हिनं वाचवलं ह्याला."

आमच्यासमोरच एक बाई थांबली, ऐकलं, आणि कडेवरच्या मुलीला घेऊन पायरी चढून आत गेली. पाळणाघरवाल्या बाई बाहेर आल्या. डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "आजी, थंडी आहे हो, आत येऊन बसा ना."

आजीने मान हलवली. "आत नगं, बाय. आत बसले तर कुणाला ऐकू येनार न्हाई."